उन्हाळा आणि परसातली बदकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊन चढू लागलं की बदकं पाळणाऱ्यांचे प्रश्नही वाढतात. परसात चार-सहा बदकं असणाऱ्यांना पडणारे बहुतेक प्रश्न इथे घेतले आहेत. घाई असेल आणि तुमचं बदक आत्ता आडवं पडलं असेल, तर आधी "बदक उन्हाने कोसळलं" हा प्रश्न वाचा आणि बाकीचं नंतर.

बदक तर पाण्यातला पक्षी. त्याला उन्हाचा त्रास कसा होईल?

होतो, आणि पुष्कळ होतो. टब भरून ठेवला म्हणजे बदकांची सोय झाली, या समजुतीपायी बरीच बदकं दगावतात. तळ्यावरचं रानबदक भर दुपारी काय करतं ते एकदा नीट बघा. ते पोहत राहत नाही. काठच्या लव्हाळ्यात नाहीतर झाडाखाली, जिथे वारा लागतो अशी जागा धरून ते गप्प बसून राहतं. पाण्यात शिरतं, बाहेर येतं, पुन्हा सावलीला जातं. जागा निवडायची मोकळीक त्याच्याकडे असते. आपण कुंपण घातलं की ती मोकळीक संपते, आणि सावली कुठे असेल, वारा कुठून येईल, पाणी किती तापेल हे सगळं आपण ठरवू लागतो. म्हणून माझ्या मते परसातल्या बदकासाठी क्रम असा: आधी सावली, मग वारा, मग पाणी. उन्हात ठेवलेला भरलेला टब दुपारी २ वाजता कढत पाण्याचा हौद झालेला असतो.

बदकाला घाम येत नाही. मग ते अंग थंड कसं करतं?

कोणत्याच पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. बदकाच्या शरीराचं नेहमीचं तापमान साधारण ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्याला सणकून ताप भरल्यावर जेवढं असतं त्याहूनही जास्त. त्यावर आणखी दोन-तीन अंश चढायला फार वाव उरत नाही.

उष्णता बाहेर टाकायच्या त्याच्या वाटा मोजक्या आहेत. पहिली वाट म्हणजे धापा टाकणं: तोंड उघडून भरभर श्वास घेतला की घशातला आणि श्वासमार्गातला ओलावा वाफ होऊन जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. दुसरी वाट चोच आणि पाय. या दोन्ही ठिकाणी पिसं नाहीत आणि रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. थंडीत बदक पायांकडे जाणारं रक्त आवरून धरतं, उन्हाळ्यात तेच रक्त सढळपणे सोडतं. त्यामुळे घोटाभर गार पाण्यात नुसतं उभं राहिलेलं बदकही अंगातली बरीच उष्णता पायांतून पाण्याला देऊन टाकतं. तिसरी वाट म्हणजे पंख अंगापासून जरा दूर धरणं. पंखाखालची पिसं विरळ असतात, तिथून वारा फिरतो.

या तिन्ही वाटा लक्षात ठेवल्या तर पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

किती तापमान झालं की काळजी घ्यायची?

साधारण ३० अंशांपर्यंत सावली आणि पाणी असलेलं निरोगी बदक स्वतःचं स्वतः सांभाळतं. ३२-३३ च्या पुढे धापा टाकणं दिसू लागतं. ३५ च्या पुढे दिवसातून दोन-तीनदा स्वतः जाऊन बघावं, आणि ३८-४० ला पोहोचलं की दुपारभर कुणीतरी घरी असलेलं बरं.

मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नका. हवेत दमटपणा भरपूर असेल तर घशातला ओलावा उडतच नाही आणि धापा टाकूनही उपयोग होत नाही. वारा पडलेल्या, ढगाळ, चिकचिकीत ३३ अंशांच्या दुपारी माझी बदकं कोरड्या ३८ अंशांपेक्षा जास्त हैराण झालेली मी पाहिली आहेत. तापमापक लावायचाच तर बदकं बसतात तिथे, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. भिंतीवर डोळ्यांसमोर लावलेला तापमापक तुमच्या उंचीची हवा सांगतो, त्यांच्या उंचीची नाही.

बदक चोच उघडी ठेवून धापा टाकतंय. हे धोक्याचं आहे का?

लगेच घाबरू नका. धापा टाकणं हा त्याच्या शरीराचा रोजचा उपाय आहे. धापा टाकत असलं तरी हाक मारल्यावर बघतं, उठतं, पाण्याकडे जातं, आपसात कुजबुजतं, तर ते सावरून आहे. सावलीत आणखी थोडं पाणी मारा आणि लक्ष ठेवा.

काळजीची खूण वेगळी असते: तुम्ही जवळ गेलात तरी ते हलत नाही. बदक हा सावध पक्षी आहे, अनोळखी सावली पडली तरी मान वर करतो. त्याने डोळे अर्धे मिटून घेतले, चालताना झोकांडी गेली, पंख लोंबू लागले, मान खाली गेली, विष्ठा अगदी पाण्यासारखी झाली, तर थांबू नका. आणि धापा टाकणारं बदक एकाएकी धापा टाकायचं थांबून निपचित पडलं, तर त्याला बरं वाटलं असं समजू नका. ते थकून हरलेलं असतं.

बदक उन्हाने कोसळलं. काय करू?

आधी त्याला सावलीत, वाऱ्याच्या जागी आणा. मग पाय आणि चोच भिजवा. पाणी गार हवं, पण बर्फाचं नको. बर्फगार पाण्याने पायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ज्या वाटेने उष्णता बाहेर पडायची तीच बंद होते. नळाचं साधं गार पाणी सगळ्यात चांगलं. नळी उन्हात पडलेली असेल तर आधीचं तापलेलं पाणी वाहून जाऊ द्या.

घमेल्यात चार-पाच बोटं पाणी घेऊन त्यात बदकाला बसवा, एका हाताने छातीखाली आधार द्या, मान वर राहील असं बघा. पाठीवरून नुसतं पाणी ओतलं तर ते ओघळून जातं, कारण पिसांवर तेल असतं. म्हणून पंख हलकेच उचलून त्याखाली आणि पोटाच्या बाजूने पाणी लावा. पंखा असेल तर जरा लांबून लावा. ओल्या अंगावरून वारा गेला की गारवा लवकर मिळतो.

तीन गोष्टी अजिबात करू नका. निपचित पडलेल्या बदकाला खोल पाण्यात सोडू नका. मान सावरता येत नसेल तर बदकही बुडून मरतं. तोंड उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. त्याऐवजी चोचीचं टोक पाण्याला लावून द्या, बदक शुद्धीत असेल तर ते आपण होऊन पिईल. आणि ते उठून उभं राहिलं म्हणून लगेच कळपात सोडू नका. उरलेला दिवस त्याला वेगळं, शांत, सावलीत ठेवा.

अर्ध्या तासात फरक पडला नाही, झटके आले, किंवा उभंच राहता येत नसेल तर पशुवैद्याकडे न्या. नेताना पेटीला चहूबाजूंनी भोकं हवीत, आणि गाडी उन्हात उभी करून बदकाला आत ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही.

आमच्याकडे तळं नाही. बदकांना टब पुरतो का?

पुरतो. पोहायला मिळालं तर बदक खूश असतं, पण जगायला त्याला दोन गोष्टी हव्यात: डोकं बुडेल एवढं खोल पाणी, आणि पाय भिजतील अशी जागा. पिण्याचं भांडं किमान इतकं खोल हवं की चोच नाकपुड्यांसकट पाण्यात जाईल, आणि डोळेही धुता आले तर उत्तम. उथळ ताटलीतून पाणी पिणाऱ्या बदकाच्या नाकपुड्या चिखलाने बुजतात, आणि ज्याला नाकाने नीट श्वास घेता येत नाही ते उन्हात आधी हैराण होतं.

टब ३० सेंटिमीटर खोल असला तरी भागतं. कड उंच असेल तर आतून आणि बाहेरून विटांची किंवा दगडांची पायरी करा. जड बदकांना आत जाता येतं, पण भिजून दमल्यावर निसरड्या प्लास्टिकवरून बाहेर पडता येत नाही. टबाची जागा सावलीत, आणि तीही दुपारी सावली असेल तिथे. सकाळी ८ वाजता ठरवलेली सावलीची जागा दुपारी १ वाजता भर उन्हात असू शकते. एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी सावली कुठवर सरकते हे काठ्या रोवून बघितलंत, तर उन्हाळाभर उपयोग होईल.

सहा बदकांना एकच टब ठेवला तर दोन दांडगी बदकं तो अडवून बसतात. एका मोठ्या टबापेक्षा दोन लहान टब लांब लांब ठेवणं मी पसंत करतो.

पाणी अर्ध्या तासात गढूळ होतं. किती वेळा बदलायचं?

ते गढूळ होणारच. चोचीत चिखल घेऊन तो पाण्यात धुणं हा बदकाचा स्वभाव आहे. त्याला अडवू नका, पाण्याची दोन कामं वेगळी करा. पिण्याचं पाणी वेगळ्या, अरुंद तोंडाच्या, जड बुडाच्या भांड्यात ठेवा, ज्यात डोकं जाईल पण अंग जाणार नाही. हे उन्हाळ्यात दिवसातून तीनदा तरी बदला. डुंबायचा टब रोज पूर्ण उपसा आणि घासून भरा. एक बदक एरवी दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी पितं, उन्हात त्याहून बरंच जास्त. पण भरून ठेवायचं पाणी याच्या कितीतरी पट लागतं, कारण बरंच सांडतं.

उपसलेलं पाणी झाडांच्या आळ्यात घाला, त्यात चांगलं खत असतं. टब घासायची जागा मात्र स्वयंपाकघरातलं बेसिन नको. बदकांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू पसरू शकतो, म्हणून काम झालं की हात साबणाने धुवा.

तुमच्याकडे छोटं तळं असेल आणि उन्हाळ्यात त्यावर रंग सांडल्यासारखी हिरवट-निळसर साय दिसू लागली, तर बदकांना त्यातून बाहेर ठेवा. काही निळ्या-हिरव्या शेवाळांचं विष पक्ष्यांना मारण्याइतकं जहाल असतं.

पाण्यात बर्फ टाकलेला चालतो का?

पिण्याच्या पाण्यात चालतो. पाण्याची बाटली गोठवून भांड्यात टाकली की पाणी दुपारभर गार राहतं आणि बाटली पुन्हा वापरता येते. छोटे तुकडे टाकण्यापेक्षा मोठा गोळा बरा, तो हळूहळू विरघळतो. आधीच उन्हाने ग्लानी आलेल्या बदकाला मात्र बर्फाच्या पाण्यात बसवू नका, कारण वर सांगितलंच आहे.

सावली कशाची चांगली?

झाडाची. पानांतून पाण्याची वाफ होत असते आणि मधून वारा वाहत राहतो, त्यामुळे झाडाखालची हवा खरोखरच गार असते. पसरट झुडपांखाली बदकं स्वतःच खळगा करून बसतात. तिथली माती थोडी ओली ठेवली तर त्यांना दुसरं काही लागत नाही.

झाड नसेल तर शेडनेट ताणा. ते बदकांच्या डोक्यापासून पुरेसं उंच असू द्या, म्हणजे खालून वारा जाईल. प्लास्टिकची ताडपत्री जमिनीलगत बांधली तर सावली होते खरी, पण तिच्याखाली हवा कोंडते आणि ती स्वतः तापून खाली उष्णता टाकते. उघडा पत्रा तर त्याहून वाईट. पत्र्याचं छप्पर असेलच तर वर पांढरा चुना द्या, किंवा पत्र्याच्या वीतभर वर दुसरं आच्छादन घाला, म्हणजे मधून हवा जात राहते.

जमिनीकडेही बघा. फरशी, सिमेंट, कोरडी वाळू भर दुपारी इतकी तापते की तळहात ठेवता येत नाही. आणि बदक तर अनवाणी. ज्या पायांतून त्याने उष्णता बाहेर टाकायची, तेच पाय तव्यावर ठेवल्यासारखे होतात. शिवाय कडक, तापलेल्या जमिनीवर सतत चालून तळपायाला भेग पडली तर त्यात पू होऊन गाठ धरते. पाण्यापासून सावलीपर्यंतच्या वाटेवर ओलं गोणपाट टाकलं तरी मोठा फरक पडतो.

दिवसा ठीक असतात, पण सकाळी खुराडं उघडलं की धापा टाकताना दिसतात. असं का?

या प्रश्नाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. दिवसा आपण काळजी घेतो आणि रात्री त्यांना एका बंद पेटीत कोंबतो. बदकांच्या श्वासातून आणि विष्ठेतून खूप ओलावा बाहेर पडतो. खुराड्यात हवा खेळती नसेल तर रात्रभरात आतली हवा दमट, गरम आणि अमोनियाने भरलेली होते. परीक्षा सोपी आहे: पहाटे दार उघडून बदकांच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर ती हवा त्यांच्या फुप्फुसांत रात्रभर जात होती.

हवा जायला वरच्या बाजूला, छपराखाली, समोरासमोरच्या भिंतींत झरोके हवेत. गरम हवा वरून निघून जाते. शक्य असेल तर उन्हाळ्यापुरती एक पूर्ण बाजू जाळीची करा. जाळी बारीक आणि मजबूत हवी, अर्ध्या इंचाच्या चौकटीची, वेल्डिंग केलेली. षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी बदकं आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवत नाही. उकाड्यामुळे दार उघडं ठेवून झोपू नका. उघड्या दारातून शिकारी प्राणी बदकं नेतात.

एका बदकाला आत किमान चार चौरस फूट जागा धरा, उन्हाळ्यात जास्त दिलीत तर चांगलंच. भुशाचा किंवा पेंढ्याचा जाड थर हिवाळ्यात ऊब देतो, कारण तो खालून कुजत असतो आणि कुजताना तापतो. म्हणून उन्हाळा लागला की जुना थर पूर्ण काढून पातळ, कोरडा थर घाला. बुरशी आलेला पेंढा तर कधीच नको. बुरशीचे कण फुप्फुसांत जाऊन होणारा रोग सहसा बरा होत नाही. आणि उकाड्याच्या रात्री खुराड्यात पाणी ठेवाच, आतलं थोडं ओलं झालं तरी चालेल.

पंखा किंवा पाण्याचा फवारा लावू का?

पंखा लावा. वायर चोचीच्या आवाक्याबाहेर आणि पाण्यापासून लांब हवी. बदकं आणि विजेची वायर एकाच ओल्या जमिनीवर असणं फार धोक्याचं आहे. पंख्याला जाळी घट्ट असावी.

फवारा हवामानावर अवलंबून. हवा कोरडी असेल आणि वारा असेल तर उघड्यावर बारीक फवारा चांगलं काम करतो. दमट हवेत किंवा बंद खुराड्यात तोच फवारा नुकसान करतो, कारण हवेतला ओलावा वाढला की धापा टाकणं निरुपयोगी होतं. अशा वेळी हवेत फवारण्यापेक्षा जमिनीवर पाणी मारून पाय भिजू द्या.

उन्हाळ्यात खाणं बदलायचं का?

खाद्य तेच ठेवा, वेळ बदला. अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून भर दुपारी पोट भरलेलं नसलेलं बरं. पहाटे आणि ऊन उतरल्यावर खायला द्या. बदकं उन्हाळ्यात कमीच खातात, जबरदस्ती नको. खाद्याशेजारी पाणी मात्र नेहमी हवं. बदक प्रत्येक दोन घासांनंतर पाण्याने गिळतं, पाणी नसेल तर कोरडं खाद्य घशात अडकतं.

भिजवलेलं खाद्य एका बैठकीत संपेल एवढंच करा आणि उरलेलं लगेच उचला. गरम हवेत ते पाहता पाहता आंबतं आणि बुरशी धरतं.

थंड खाऊ म्हणून काय देता येईल?

कलिंगड, काकडी, पाण्यावर तरंगणारे मटारचे दाणे, बारीक चिरलेला पाला. मटार गार पाण्यात टाकले की खाताना डोकंही भिजतं, म्हणून मला ते सगळ्यात आवडतात. प्रमाण थोडं ठेवा, एरवी ती मुख्य खाद्य सोडून यावरच पोट भरतात. पाव, खारट पदार्थ, चॉकलेट आणि ॲव्होकाडो देऊ नका. कच्च्या वाळलेल्या कडधान्यांपासूनही लांब ठेवा.

इलेक्ट्रोलाइट पाण्यातून द्यावं का?

इलेक्ट्रोलाइट म्हणजे पाण्यात विरघळवायचे क्षार. ते फार उकाड्याच्या एखाद-दुसऱ्या दिवशी, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि शेजारी साधं पाणी ठेवून. रोज नको. बदकाला कोणतं पाणी हवं ते त्याला निवडू द्या.

अंडी कमी झाली आणि कवच पातळ येतंय. आजार आहे का?

बहुतेक वेळा उष्णताच कारण असते. सतत धापा टाकल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि कवचासाठी लागणारं कॅल्शियम कमी पडतं. त्यात खाणंही घटलेलं असतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका. नरांना आणि पिल्लांना तो नको असतो. संध्याकाळी तो समोर असणं महत्त्वाचं, कारण कवच रात्री घडतं आणि बदक बहुधा पहाटे अंडं घालतं.

अंडी सकाळी लवकर उचला. नर सोबत असेल आणि अंडं २०-२१ अंशांहून गरम जागी पडून राहिलं तर आतला जीव वाढू लागतो, आणि असं अर्धवट वाढलेलं अंडं मग खराब होतं. ऊन ओसरल्यावरही पंधरा दिवसांत कवच सुधारलं नाही, किंवा मादी कुंथत बसलेली दिसली, तर पशुवैद्याला दाखवा. अंडं अडकणं ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

मादी अंडी उबवायला बसली आहे आणि उठतच नाही. तिला उकडणार नाही?

उकडतं, आणि ती तरीही उठत नाही. उबवणाऱ्या माद्या उन्हाळ्यात मला सगळ्यात जास्त काळजी लावतात. साध्या जातीची मादी २८ दिवस बसते, मस्कोवी जातीची सुमारे ३५ दिवस, आणि दिवसातून एखाद-दोनदाच खायला-प्यायला उठते. तिच्या घरट्यावर दाट सावली करा, एक बाजू उघडी ठेवा आणि चोच पोहोचेल इतक्या जवळ पाणी ठेवा. ती उठून भिजून आली आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसली तर बसू द्या, अंड्यांना तो ओलावा लागतो. घरटं तापत असेल तर हलवायचा विचार संध्याकाळी, अंधार पडल्यावर करा. फारच कडक ऊन असेल तर मी तिला त्या मोसमात बसूच देत नाही, पहिल्या दोन दिवसांतच अंडी उचलतो.

पिल्लांचं काय? त्यांना तर ऊब लागते ना?

लागते. पहिल्या आठवड्यात साधारण ३२ अंश, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. पण बाहेरच ३४ असेल तर दिवसा दिवा कशाला? दिवा वेळ बघून नको, पिल्लं बघून लावा. दिव्यापासून लांब भिंतीला चिकटून धापा टाकत असतील तर त्यांना उकडतंय, एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर गारठली आहेत. पेटीत एक कोपरा कायम गार असावा.

दुसरी चूक उलट्या बाजूने होते: उकडतंय म्हणून पिल्लांना टबात सोडणं. आईविना वाढणाऱ्या पिल्लांच्या अंगावर तेलाचा थर नसतो, पिसं भिजून जड होतात आणि भर उन्हाळ्यातही ती गारठून किंवा बुडून मरतात. त्यांना उथळ ताटलीत, आत गोटे ठेवून, पाच-दहा मिनिटं पाय भिजवू द्या आणि तेवढा वेळ तिथेच बसा.

कोणत्या जातीला ऊन जास्त सोसतं?

मस्कोवी मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली, तिला उन्हाची सवय आहे. बाकी जवळजवळ सगळी पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकापासून आलेली आहेत. त्यांतल्या इंडियन रनर, खाकी कॅम्पबेल अशा हलक्या अंगाच्या जाती बऱ्यापैकी तग धरतात. पेकिन आणि रुआँ जड, चरबीदार आणि दाट पिसांच्या. कळपात एखादी लठ्ठ पेकिन असेल तर दुपारी आधी तिच्याकडे बघा.

पिसं कापली तर गार वाटेल का?

नाही, कधीही कापू नका. पिसं ऊन अंगापर्यंत पोहोचू देत नाहीत. उन्हाळ्यात बदकं आपणहून पिसं गाळतात आणि नराचा झळाळता रंग उतरून तो मादीसारखा तपकिरी दिसू लागतो. हे दरवर्षीचं आहे, आजार नाही. नवी पिसं फुटताना नाजूक असतात, त्या दिवसांत पंखांना धरून उचलू नका.

एका बदकाची मान लुळी पडली आहे, पण ते शुद्धीत आहे. उष्माघात का?

बोट्युलिझमची शंका घ्या. साचलेल्या, गरम, कुजलेल्या पाण्यात आणि मेलेल्या प्राण्यांत एक जिवाणू विष तयार करतो. त्या मढ्यावरच्या अळ्यांना विष बाधत नाही, पण त्या अळ्या खाणाऱ्या बदकाला बाधतं. आधी पाय लटपटतात, मग पंख, मग मान. पाण्यात असेल तर मान सावरता न आल्याने ते बुडतं. त्याला ताबडतोब पाण्यापासून दूर घ्या, पशुवैद्याला कळवा, आणि बाकीच्या कळपाला त्या जागेतून हलवा. मग परसभर फिरून मेलेला उंदीर, पक्षी, कुजका पालापाचोळ्याचा ढीग, साचलेलं डबकं शोधा. ते सापडलं नाही तर दुसरं बदक जाईल.

माश्या फार झाल्या आहेत. बदकांना धोका आहे का?

आहे. शेपटीखालची पिसं विष्ठेने चिकट झाली किंवा कुठे जखम असली की माशी तिथे अंडी घालते, आणि उन्हाळ्यात एका दिवसाच्या आत अळ्या होतात. रोज संध्याकाळी एकेका बदकाला उचलून शेपटीखाली बघायची सवय लावा. अळ्या दिसल्या तर पशुवैद्य, वाट बघणं नाही.

बदकं कोंबड्यांबरोबर एकाच खुराड्यात आहेत. उन्हाळ्यात चालेल?

दिवसा एका परसात चालेल, रात्री वेगळी ठेवा. बदकांचा ओलावा कोंबड्यांना सोसत नाही, आणि उकाड्यात तो दोघांनाही जड जातो. नर बदक कोंबड्यांवर चढत असेल तर दिवसाही वेगळा करा, कोंबड्यांना त्यातून इजा होते.

एक पूर्ण दिवस घरी नसणार. काय तयारी करू?

दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी जड भांड्यांत पाणी ठेवा, म्हणजे एक उलटलं तरी दुसरं राहील. प्रत्येक भांडं दुपारी सावलीत येईल याची आदल्या दिवशीच खात्री करा. सावलीतली माती पहाटे पाणी सोडून मुरेपर्यंत भिजवा. गोठवलेल्या बाटल्या निघताना टाका. आणि हे सगळं करूनही, ३८ च्या पुढे जाणाऱ्या दिवशी शेजाऱ्याला दुपारी २ च्या सुमारास एकदा डोकावायला सांगा. काय बघायचं ते त्याला नेमकं सांगा: सगळी उठून उभी राहतात का, आणि पाणी आहे का.

ऊन उतरल्यावर सोडून द्यावं का त्यांचं त्यांच्यावर?

संध्याकाळी बदकं जागी होतात. तेव्हाच ताजं पाणी भरा, तेव्हाच खायला द्या आणि सगळी टबात उतरताहेत का ते बघत उभे राहा. दिवसभर जे सोसलं ते याच वेळी दिसतं. सगळी पाण्यात धडपडत असताना एखादं कडेला उभं राहून नुसतं बघत असेल, तर त्या रात्री त्याला खुराड्याच्या झरोक्याखाली, पाण्याजवळ जागा करून द्या आणि झोपण्याआधी एकदा दिवा घेऊन जाऊन या.